मुंबॅटनमधलं भगदाड अजून तसंच आहे: ‘स्पायडर-व्हर्स’वाल्यांना नागपूरहून खुलं पत्र

प्रति,
‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ लिहिणारे, दिग्दर्शित करणारे, रंगवणारे, आणि तो भारतात दहा भाषांमध्ये आणणारे सगळे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या या दुसऱ्या भागावर माझा जीव आहे आणि तुमच्यावर माझा राग आहे. २०२३ च्या जूनमध्ये चित्रपट पाहिला तेव्हा वाटलं होतं, दोन्हीपैकी एक काहीतरी काळाबरोबर निवेल. तसं झालं नाही. आता तिसरा भाग २०२७ च्या जूनमध्ये येणार असं जाहीर झालंय. एकदा तो पडद्यावर आला की बोलून उपयोग नाही. म्हणून आत्ताच लिहितेय.

मी शाळेत चित्रकला शिकवते. नागपूरच्याच शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकले. त्यामुळे आधी चित्रांबद्दल बोलू द्या, तिथे माझं तुमच्याशी काहीच भांडण नाही.

जलरंगाचा वॉश शिकवायला घेतला की दर वर्षी मुलांची एकच तक्रार असते, की रंग हद्दीत राहत नाही, ओघळतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं तर ओघळ दिसला की कागदच बदलून मागतात, मार्क जातील या भीतीनं. आणि तुम्ही ग्वेनचं, त्या दुसऱ्या विश्वातल्या स्पायडर-मुलीचं, अख्खं जग ओघळांनी रंगवलंत. तिच्या घरातला तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल! वडील समोर उभे आहेत, पोलिस कॅप्टन जॉर्ज स्टेसी. त्यांच्या मागची भिंत हळूहळू भिंत राहत नाही, रंग वरून खाली उतरत जातो, खोलीतल्या वस्तूंच्या कडा विरघळतात, आणि तिच्या मनात जे चाललंय त्याप्रमाणे मागचा रंग पालटतो. त्या दोघांमध्ये किती अंतर पडलंय हे संवादाच्या आधी रंग सांगतो. मी त्यातली काही दृश्यं थांबवून वर्गात दाखवली. ओघळ कधी पुसायचा आणि कधी वाहू द्यायचा, हे मला आजवर शब्दांत नीट सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी मुलांना ते आपसूक कळलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मी न सांगता ब्रश पाण्यात बुडवला आणि आकाश वाहू दिलं.

पहिला भाग २०१८ मध्ये आला आणि त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हाच तुम्ही आमच्या मनात घर केलं होतं. त्यात जंगलातला प्रसंग आहे. मुरलेला स्पायडर-मॅन पीटर बी. पार्कर सेकंदाला चोवीस चित्रांच्या गतीनं झाडांमधून सरसर जातो आणि तुमचा नायक, नवखा माइल्स, बारा चित्रांच्या गतीनं त्याच्यामागे धडपडतो. हा मुलगा अजून शिकतोय, हे कुणीही बोलून दाखवत नाही, तरी डोळ्यांना कळतं. दुसऱ्या भागात तुम्ही त्याच्याही पुढे गेलात. जुन्या इटालियन चर्मपत्रावरची रेखाटनं उठून उडायला लागावीत तसा तो गिधाड-खलनायक, भिंतीवरची फाटकी पोस्टरं एकावर एक चिकटवून बनलेला स्पायडर-मॅन होबी, आणि तो लेगोचा तुकडा. कॅनडातल्या चौदा वर्षांच्या एका मुलानं घरच्या संगणकावर तुमचा ट्रेलर लेगोमध्ये बनवला होता. तुम्ही त्याला बोलावलंत आणि चित्रपटातला लेगोचा प्रसंग त्याच्याकडूनच करून घेतलात. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते. सांगताना माझा आवाज चढतो, एवढा मला तुमचा अभिमान वाटतो.

आणि मुंबॅटन, मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं तुमच्या भारतीय स्पायडर-मॅनचं, पवित्र प्रभाकरचं शहर. माझ्या वडिलांकडे इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, मराठीतले अंकही होते त्यात. वेताळ, मँड्रेक, बहादूर. कागद पिवळा पडलेला, छापताना रंगाची प्लेट जराशी सरकलेली, त्यामुळे लाल रंग ओठांच्या बाहेर गेलेला आणि निळा रंग बाहीच्या आत न मावलेला. आमच्या पिढीच्या पुष्कळ मुलांनी रंगकाम पहिल्यांदा पाहिलं ते या सरकलेल्या छपाईत. पवित्रचं ते शहर पडद्यावर उघडलं आणि मी खुर्चीत पुढे सरकून बसले. ते गुलाबी आणि पिवळे रंग, शाईच्या त्या जाड रेघा मला माहीत होत्या. मुंबॅटन रंगवताना सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती, हे नंतर वाचनात आलं. डोळ्यांनी ते आधीच ओळखलं होतं.

आता रागाचं सांगते.

पवित्र प्रभाकर तुमच्या चित्रपटात जन्मला नाही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी २००४ मध्ये त्याला कॉमिक्समध्ये आणलं. तिथे त्याला कोळी चावत नाही, एक योगी त्याला शक्ती देतो. त्याच्या घरी माया काकू आणि भीम काका आहेत, मैत्रीण मीरा जैन आहे, खलनायक नलिन ओबेरॉय आहे. आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते असं की हा मुलगा खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला आहे. दर वर्षी निकाल लागले की आमच्या विदर्भातली पोरं विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून मुंबईला जातात. सोबत एक बॅग, आईनं दिलेला डबा, आणि बोलण्यातला आमचा हेल. तिथे पहिले सहा महिने कुणीतरी त्यांच्या बोलण्याला हसतं. असा मुलगा तुमच्या हातात आयता होता.

चित्रपटातला पवित्र देखणा आहे, आनंदी आहे. केसांचं गुपित विचारलं तर खोबरेल तेलाचं नाव घेतो, हातातल्या कड्यांमधून जाळं सोडतो. स्पायडर-मॅन होऊन त्याला सहा महिने झालेत आणि हे काम त्याला फार सोपं वाटतं. शहर दाखवताना तो ट्रॅफिकवर बोलतो, इंग्रजांनी लुटून नेलेल्या वस्तूंवर बोलतो, आणि आमचं थिएटर त्या वाक्याला टाळ्या वाजवून हसलं. मीही हसले. मग इमारत कोसळते. पूल तुटतो. त्याच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे वडील इन्स्पेक्टर सिंग ढिगाऱ्याखाली जाणार, एवढ्यात माइल्स त्यांना वाचवतो. त्यानंतर जमिनीत एक काळं भगदाड पडतं आणि ते वाढत जातं. सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनांचा म्होरक्या मिगेल, त्याची माणसं येतात, ते आवरायला लागतात, आणि चित्रपट माइल्सला घेऊन दुसऱ्या विश्वात निघून जातो.

भगदाड तिथेच राहिलं. आपलं शहर गिळणाऱ्या त्या खड्ड्यासमोर उभं राहून, ज्याला कालपर्यंत सगळं सोपं वाटत होतं त्या मुलाच्या मनाचं काय झालं? शेवटी ग्वेनच्या टोळीत तो पुन्हा दिसतो, उत्साहात, जणू घरी सगळं ठीक आहे. मला हे खुपलं. ज्याची दुनिया फाटली त्याला तुम्ही पाहुण्यासारखं वागवलंत. तिसऱ्या भागात त्याला परत त्याच्या शहरात न्या. गायत्रीला तिच्या वडिलांशी बोलू द्या. आणि जमलं तर पवित्रच्या बोलण्यात, वागण्यात कुठेतरी ते खेडं येऊ द्या, जिथून तो मुळात आला होता.

पुढची तक्रार शेवटाची आहे, आणि ती माझ्यापेक्षा माझ्या भाच्याची जास्त आहे. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

माइल्स पळत पळत घरी पोचतो. आईला अखेर खरं सांगतो, की मी स्पायडर-मॅन आहे. पहिल्या भागापासून हे वाक्य त्याच्या ओठांवर अडलेलं होतं. आणि आई विचारते, कोण स्पायडर-मॅन? त्या क्षणी आपल्या पोटात खड्डा पडतो. हे त्याचं घर नाही. ही त्याची आई नाही. इथे मेलेला काका जिवंत आहे आणि जिवंत असायला हवे होते ते वडील भिंतीवरच्या चित्रात आहेत. समोर दुसरा माइल्स उभा राहतो. तिकडे त्याच्या खऱ्या विश्वात वडिलांकडे मरण निघालेलं. आणि पडद्यावर अक्षरं येतात, पुढील भागात.

थिएटरातले दिवे लागले. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मावशी, हे इंटरव्हल आहे का?” मी नाही म्हटलं. तो तसाच बसून राहिला. श्रेयनामावली संपली, झाडणारे दादा आमच्या रांगेपर्यंत आले, तेव्हा उठला. जिन्यावरून उतरताना पुन्हा विचारलं, “पण मग त्याचे बाबा मरतात की नाही?” तुम्ही पंगतीत बसवून आग्रहानं वाढलंत आणि पुरणाची पोळी यायच्या आत ताट उचललंत.

गोष्ट अर्धी ठेवायला माझी ना नाही. मासिकांत आणि साप्ताहिकांत ‘क्रमशः’ वाचत आम्ही मोठे झालो. पुढचा अंक येईपर्यंत तर्क लढवण्यात मजा असायची. पण पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं, की ही कादंबरी क्रमशः आहे. तुम्हीही ते लिहिलं होतं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये चित्रपटाचं नाव जाहीर केलंत तेव्हा त्यातच ‘भाग एक’ होतं. २०२२ मध्ये ते काढून टाकलंत. बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांना तरी माहीत होतं. आठवडाभर पैसे साठवून मुलांना घेऊन आलेल्या माणसाला ते कुठून कळणार? १४० मिनिटांचा चित्रपट, अमेरिकी स्टुडिओनं काढलेल्या अ‍ॅनिमेशनपटांमध्ये तो सर्वात लांब म्हणून गाजला, आणि तरीही तो अर्धाच आहे, हे तिकिटाच्या वेळी सांगायला हवं होतं. जगभरात त्यानं सुमारे ६९ कोटी डॉलर कमावले. नावात ‘भाग एक’ राहिला असता तर यातले फार कमी झाले असते, असं मला अजिबात वाटत नाही.

तिसरा भाग २९ मार्च २०२४ ला येणार होता. जुलै २०२३ मध्ये ती तारीख काढून घेतली गेली. तेव्हा तिकडे लेखकांचा संप चालू होता, अभिनेत्यांचाही सुरू झाला होता. उशिराबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही, आणि त्याला कारण आहे.

चित्रपट लागला त्याच महिन्यात एका अमेरिकी नियतकालिकानं तुमच्या काही अ‍ॅनिमेटरांच्या मुलाखती घेऊन बातमी छापली. सुमारे शंभर कलाकार काम मध्येच सोडून गेले. उरलेल्यांपैकी अनेकांनी वर्षाहून जास्त काळ दिवसाला अकरा तासांपेक्षा अधिक, आठवड्याचे सातही दिवस काम केलं. पूर्ण झालेली दृश्यं पुन्हा पुन्हा बदलायला लावली जात होती. स्टुडिओच्या बाजूनं त्यावर खुलासाही आला, असंच काम चालतं अशा सुराचा. ती बातमी वाचून मी ग्वेनच्या खोलीतला तो प्रसंग पुन्हा लावला आणि मला तो शेवटपर्यंत पाहवला नाही. त्या ओघळाच्या मागे कुणाचा तरी रविवार आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच कामाला आहे, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाच्या चित्रपटांसाठी. शाळेत असताना तिचा हात इतका सुरेख होता की मी तिच्या पालकांना घरी जाऊन सांगितलं होतं, हिला याच लाइनमध्ये जाऊ द्या. आता तिचा फोन येतो तो रात्री साडेअकराला, ऑफिसातून. मी वर्गात तुमच्या चित्रांवर बोलते तेव्हा मुलांचे डोळे चमकतात, त्यांना तुमच्यासारखं काम करायचं असतं. त्यांना मी काय सांगू, की हे काम माणसाला पिळून काढतं, पण ‘असंच असतं’?

‘असंच असतं’ याच विचाराशी तर तुमचा चित्रपट भांडतो.

मिगेल ओहारा माइल्सला काय सांगतो? प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडायलाच हव्यात. जवळचा एक पोलिस कॅप्टन मरायलाच हवा. ते अडवलं तर विश्व उसवतं. आणि माइल्सच्या वडिलांना तर आता कॅप्टनची बढती मिळणार आहे. घरात ज्या बातमीवर केक कापायचा, तीच त्यांच्या मरणाची बातमी. शेकडो स्पायडर-मॅन त्या पोराला समजावतात की बाबा रे, आम्हीही हे सोसलंय, तूही सोस. पंधरा वर्षांचा मुलगा त्या सगळ्यांना नाही म्हणतो आणि पळत सुटतो. त्या एका नकारासाठी मी तुमचे शंभर अपराध पोटात घालायला तयार आहे.

का, ते सांगते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नागपूरनं काय पाहिलं हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझ्या वर्गांमध्ये त्या लाटेत वडील गमावलेली मुलं आहेत. कुणाच्या घरी आई गेली. नातेवाईक येतात आणि त्या मुलांना सांगतात, विधिलिखित होतं, यातूनच तू मोठा होशील, खंबीर होशील. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मी त्या मुलांचे चेहरे पाहिलेत. बाप गेल्याशिवाय मूल घडत नाही, हे सुपरहिरोंच्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगत आल्यात. काका मरतो, वडील मरतात, आईवडील गल्लीत मारले जातात, आणि मग मुखवटा चढतो. तुम्ही पहिल्यांदा एवढ्या मोठ्या पडद्यावर एका मुलाच्या तोंडून विचारलंत, की हे कुणी ठरवलं?

आणि उत्तरही देऊन टाकलंत, हे कदाचित तुमच्याही लक्षात राहिलं नसेल म्हणून आठवण करून देते. ग्वेन घरी परत येते. तिचे वडीलही कॅप्टन आहेत, म्हणजे मिगेलच्या हिशेबानं तेही मरणारच. भांडण होतं, दोघंही रडकुंडीला येतात, आणि जॉर्ज तिला सांगतात की मी नोकरी सोडली. संपलं. कॅप्टनच उरला नाही तर कॅप्टन मरणार कसा? मोठमोठी यंत्रं, हजार विश्वांचा नकाशा, मिगेलची सगळी मांडणी, एका बापाच्या राजीनाम्यानं मोडीत निघाली. विश्व उसवलं नाही. उलट मागचे रंग उजळले आणि तो तिला जवळ घेतो. मुलगी आणि नोकरी यांत त्यानं मुलगी निवडली, एवढ्या साध्या गोष्टीनं नियती हलली.

तिसऱ्या भागाबद्दल माझी खरी काळजी इथे आहे. डाग अंगावर घेऊन फिरणारा तुमचा खलनायक आता फार बलवान झालाय, त्याच्याशी शेवटची मारामारी होणार, आकाश फाटणार, दहा शैलींतले स्पायडर-मॅन एकाच वेळी उड्या मारणार, आणि त्या गदारोळात तुम्ही त्या राजीनाम्याला विसराल. किंवा त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांत पाणी आणण्याची सोपी वाट म्हणून माइल्सच्या वडिलांना अखेर मारून टाकाल, आणि मिगेलचंच खरं होतं असं ठरेल. कृपा करून तसं करू नका. त्यांना बलिदान करायला लावूनही मारू नका. माइल्सला एकट्यानं जिंकवू नका. त्याच्या वडिलांना सगळं कळू द्या, त्याच्या आईला कळू द्या, खऱ्या आईला, आणि मग ते तिघं मिळून काय निवडतात ते दाखवा. हा प्रसंग लिहिणं मारामारीपेक्षा कठीण आहे, पण तो लिहिणारे तुमच्याकडे आहेत. ग्वेनच्या खोलीत त्यांनी ते करून दाखवलंय.

आता आमच्या भाषेबद्दल, आणि हे मुख्यतः भारतात चित्रपट आणणाऱ्या मंडळींसाठी.

तुम्ही हा चित्रपट मराठीतही आणलात. हे फार मोठं काम होतं आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण आणणं आणि पोचवणं यांत अंतर राहिलं. हिंदी आणि पंजाबीतला पवित्रचा आवाज शुभमन गिलचा, ही बातमी गल्लीतल्या पोरांपर्यंत गेली. मराठीतला आवाज कुणाचा, हे सांगणारं एकही पोस्टर माझ्या पाहण्यात आलं नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या थिएटरात मराठीचा शोच नव्हता. खिडकीवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, “मराठीत कोन पायते जी, हिंदी घ्या ना.” म्हणून आधी हिंदीत पाहिला. मग शोधून शोधून मराठीचा एक शो सापडला, तोही दुपारी पाऊणचा. जूनच्या उन्हात नागपुरात पाऊण वाजता लहान मुलाला घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे काय हे तुम्ही मे-जूनमध्ये इथे या आणि सीताबर्डीच्या चौकात पाच मिनिटं उभे राहा, मग कळेल. तरी गेलो. थिएटरात मोजकी माणसं होती. आता या रिकाम्या खुर्च्या पाहून कुणीतरी अहवालात लिहिलं असेल, की नागपुरात मराठीला मागणी नाही.

या शहराचा एक इतिहास आहे. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ आजही मुंबईच्या वितरण-क्षेत्रात मोडत नाही, तो ‘सीपी-बेरार’मध्ये मोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत त्या नावानं १९५० मध्येच संपला. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण चित्रपटांचे हिशेब जुन्याच नकाशावर चालतात, आणि त्या नकाशात आमच्या शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा हिंदी मुलूख आहे. त्यामुळे नागपूर म्हटलं की हिंदी, असा हिशेब आधीच झालेला असतो, असं मला वाटतं. आम्ही हिंदी बोलतो, अगदी सहज बोलतो, भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, कधी एकमेकांशीही. पण आई मुलाशी बोलते ती घरची भाषा असते.

तुमच्या चित्रपटात गच्चीवर आई आणि मुलाचं बोलणं आहे. रिओ माइल्सला सांगते की इतकी वर्षं मी या लहान मुलाला सांभाळलं, त्याच्यावर कुणाचं तरी प्रेम आहे याची त्याला कधी शंका येऊ दिली नाही. आता तू जिथे जाशील तिथे माझ्यासाठी त्या मुलाला सांभाळ. हिंदीत ऐकलं तेव्हा छान वाटलं होतं. त्या दुपारी मराठीत ऐकलं आणि शेजारी बसलेल्या भाच्यानं माझा हात धरला. तो काही बोलला नाही, मीही नाही. तेवढ्या एका प्रसंगासाठी त्या उन्हातून येणं सार्थकी लागलं. ज्या कलाकारांनी त्या आईला आणि त्या मुलाला मराठी आवाज दिला, ज्यांनी ते संवाद मराठीत लिहिले, त्यांना माझा नमस्कार पोचवा.

तर पुढच्या वेळी एवढं करा. मराठी आवाज देणाऱ्यांची नावं पोस्टरवर छापा, ठळक, हिंदीतल्यांसारखीच. मराठी ट्रेलर थिएटरात दाखवा. पवित्रला छापील भाषेतून सोडवा. मुंबईत वाढलेला मुलगा असेल तर त्याची वाक्यं लोकलच्या डब्यात ऐकू येतात तशी असू देत, आणि खेड्यातून आलेला असेल तर एखादा शब्द आमच्याकडचाही खपेल. तिसरा भाग अर्धा ठेवणार असाल तर नावात स्पष्ट सांगा, आम्ही तरीही येऊ. तो रंगवणाऱ्यांना रविवार द्या. त्यासाठी तारीख आणखी पुढे गेली तर भाच्याची समजूत मी घालेन. तसाही तो पहिला भाग आणि दुसरा भाग लावून बसलेला असतो. २०२७ मध्ये तो पंधरा वर्षांचा होईल, माइल्सच्या वयाचा.

जूनमध्ये विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, उन्हामुळे. म्हणजे तुमचा चित्रपट येईल तेव्हा आमची मुलं बहुधा सुटीवर असतील. मराठीचा एक शो संध्याकाळी साडेसहाला लावा. माझा अख्खा वर्ग घेऊन येते.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
नागपूर